निरोपाचे शब्द

इंग्रजी शिकविण्याचा व्यवसाय पत्करलेल्या मनुष्यास कठीण शब्दांचे भय फारसे नसते. त्यांच्यासाठी कोश असतात. त्याची त्रेधा उडते ती सोप्या शब्दांपाशी. गेल्या पावसाळ्यात पहिल्या वर्षाच्या वर्गात एक इंग्रजी कथा शिकवीत असताना, कथेतील एका कारकुनाला मालकाने ‘सॅक’ दिली, असे वाक्य आले. ‘म्हणजे नोकरीवरून काढून टाकले,’ एवढे सांगून मी पुढील ओळीकडे वळणार, तोच मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “पण सर, सॅक म्हणजे पोतेच ना? मग ज्याची नोकरी गेली त्याला पोते कशाला द्यायचे?” वर्ग हसला, मीही हसलो, आणि अनेक वर्षांच्या सवयीने शिक्षकाच्या अंगी जे चातुर्य येते त्याच्या बळावर वेळ मारून नेली.

घरी येताना मात्र तो प्रश्न माझ्याबरोबर चालत आला. पोत्याची हकीकत कोशात सापडण्यासारखी होती. तिच्यासाठी झोप मोडण्याचे कारण नव्हते. मला टोचत होते ते निराळेच. एका मनुष्याचे अन्न तुटले, त्याच्या बायकामुलांच्या डोक्यावरील छप्पर डळमळले, आणि त्या प्रसंगाचा शब्द ऐकून आम्ही सारे खदखदून हसलो. हे हसणे बरे की वाईट? ब्रिटन व आयर्लंड येथील लोकांनी या एका आपत्तीसाठी इतके गमतीचे शब्द का घडविले असावेत? आणि ते शब्द वापरल्याने कोणाचे मन हलके होते, ज्याची नोकरी गेली त्याचे की ज्याने ती घेतली त्याचे? प्रश्न वरवर भाषेचा दिसतो. पण विचार करू लागले म्हणजे तो नीतीच्या प्रांतात केव्हा शिरतो हे समजत नाही.

‘सॅक’ची कुळकथा जुनी आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच भाषेत चाकराला काढून टाकणे याला ‘त्याला त्याचे पोते देणे’ असे म्हणत. कॉटग्रेव्हच्या १६११ सालच्या फ्रेंच-इंग्रजी कोशात तो प्रयोग नोंदलेला आहे. डच भाषेतही तो आहे. इंग्रजीत मात्र तो १८२५ च्या सुमारास छापील स्वरूपात दिसू लागतो. त्याचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण असे की, जुन्या काळी सुतार, गवंडी, चांभार इत्यादी कारागीर आपली हत्यारे आपणच बाळगीत. करवत, रंधा, पटाशी पोत्यात घालून तो मालकाच्या कारखान्यात येई आणि काम असेतोपर्यंत ते पोते तेथे पडून असे. काम सरले, अथवा मालकाची मर्जी फिरली, की पोते त्याच्या हाती देण्यात येई. म्हणजे मालक त्याला देत होता ते दान नव्हे. ज्याचे त्याला परत करणे होते. हत्यारे तुझी, जागा माझी. आता तुझा माझा संबंध संपला, एवढाच त्याचा अर्थ. पोते खांद्यावर टाकून निघालेला तो मनुष्य दुःखी असेल, पण निःशस्त्र नव्हता. दुसऱ्या गावी दुसऱ्या दारात ते पोते उघडले की त्याचा धंदा पुन्हा सुरू होत असे. पुढे यंत्रयुग आले. हत्यारे मालकाची झाली. कामगाराच्या पोत्यात घालण्याजोगे काही उरले नाही. शब्द मात्र उरला.

या शब्दसंग्रहाचा एक मोठा वर्ग असा ‘परत मिळालेल्या वस्तूं’चा आहे. १९११ साली लॉइड जॉर्ज यांनी ब्रिटिश पार्लमेंटात राष्ट्रीय विम्याचा कायदा मंजूर करून घेतला. त्यान्वये प्रत्येक कामगाराचे एक कार्ड असे आणि त्यावर दर आठवड्यास वर्गणीची तिकिटे चिकटविली जात. कार्ड मालकाच्या कपाटात राही. मनुष्य काम सोडून चालला म्हणजे ते त्याच्या स्वाधीन करीत. तेव्हापासून नोकरी जाणे म्हणजे ‘कार्डे मिळणे’ असा वाक्प्रचार रूढ झाला. त्यात एक गोष्ट मला विशेष लक्षात घेण्याजोगी वाटते. हीच कार्डे कामगाराला मागताही येत. फोरमनने अपमान केला, तर ‘माझी कार्डे द्या’ असे म्हणून तो मान ताठ ठेवून बाहेर पडू शके. एकाच वस्तूने मालकाचा हुकूम आणि नोकराचा स्वाभिमान, दोन्ही व्यक्त होत. नोकरदारांची ही तिकिटांची कार्डे १९७५ साली बंद झाली. म्हण बंद झाली नाही. पगारातूनच प्राप्तीचा कर कापण्याची पद्धत ब्रिटनमध्ये १९४४ साली सुरू झाली. तिच्यातील ज्या कागदावर नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब लिहितात, त्याच्या ‘पी-४५’ या रुक्ष क्रमांकालाही लोकांनी म्हणीच्या पंक्तीस बसविले. अमक्याला पी-४५ मिळाला, म्हणजे अमका घरी बसला. आयर्लंडने तो कागद २०१९ च्या आरंभी रद्द केला, तरी तेथील लोकांच्या तोंडून तो गेलेला नाही. स्कॉटलंडात याच अर्थी ‘जॉटर मिळाले’ असे म्हणतात. जॉटर म्हणजे शाळेतील लिहिण्याची वही. शाळा सुटलेल्या पोराच्या हाती त्याच्या वह्या द्याव्यात, तशा त्या पन्नाशीच्या मनुष्याच्या हाती पडतात! विनोद आहे खरा. पण त्याखालची लाज ज्याला दिसत नाही त्याने तो पुरता समजून घेतला नाही असेच म्हटले पाहिजे.

आयर्लंडच्या स्वतःच्या भाषेत, जिला आपण गेलिक म्हणतो तिच्यात, या प्रसंगासाठी एक वाक्प्रचार आहे: ‘बाता आगस बोहर’, म्हणजे ‘काठी आणि रस्ता’. त्याला काठी आणि रस्ता दिला, की झाले. येथे परत करावयाला हत्यारेही नाहीत आणि कार्डही नाही. आधाराला एक काठी, आणि समोर दिसेल तो रस्ता. हा वाक्प्रचार नोकराला जसा लावतात तसाच घरादारातून हाकलून दिलेल्यालाही लावतात, आणि ज्यांना त्या बेटाचा इतिहास ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो महादुष्काळ सुरू झाला, त्यात खंड थकलेल्या हजारो कुळांना जमीनदारांनी झोपड्यांतून बाहेर काढले. कित्येकांच्या झोपड्या पुन्हा आत शिरता येऊ नये म्हणून पाडून टाकल्या. त्या लोकांचा रस्ता बंदराकडे, तेथून अमेरिकेकडे, आणि पुष्कळांच्या बाबतीत त्याही आधी स्मशानाकडे गेला. पुढे १९१३ साली डब्लिन शहरात विल्यम मार्टिन मर्फी या ट्रॅम कंपनीच्या मालकाने आणि त्याच्या मागोमाग शेकडो कारखानदारांनी, जिम लार्किनच्या कामगारसंघाशी आपला संबंध नाही असे लिहून देणाऱ्यालाच कामावर ठेवण्याचे ठरविले. सुमारे २०,००० माणसे त्या टाळेबंदीत सापडली आणि कित्येक महिने उपाशी झुंजून १९१४ च्या आरंभी हळूहळू मान खाली घालून परतली. एका अख्ख्या शहराच्या हाती काठी आणि रस्ता देण्याचाच तो प्रकार होता.

दुसरा वर्ग उघड हिंसेचा आहे. ‘बूट मिळणे’, ‘धक्का मिळणे’, ‘कोपर मिळणे’, ‘गोळी मिळणे’, ‘कुऱ्हाड पडणे’ अशी ही यादी आहे. आज सर्वांच्या तोंडी असलेला ‘फायर करणे’ हा प्रयोग अमेरिकेतून आला. इंग्रजीत बंदूक झाडणे व नोकरास मोकळे करणे या दोहोंस ‘डिसचार्ज’ हा एकच शब्द असल्यामुळे, त्यावरील श्लेषातून तो निघाला असावा. कुऱ्हाड मात्र पक्की ब्रिटिश सरकारी आहे. पहिल्या महायुद्धानंतर खर्चकपात सुचविण्यासाठी सर एरिक गेडिस यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली, तिच्या १९२२ मधील शिफारशींना लोकांनी ‘गेडिसची कुऱ्हाड’ म्हटले. १९६३ मध्ये डॉक्टर बीचिंग यांनी रेल्वेचे हजारो मैल आणि दोन हजारांवर स्टेशने बंद करण्याचा अहवाल दिला, तेव्हा तीच कुऱ्हाड पुन्हा आठवली. लष्कराने यात आपली भर घातली आहे. बोअर युद्धात नालायक ठरलेल्या अधिकाऱ्यांची रवानगी केपच्या वसाहतीतील स्टेलेनबॉश गावी होत असे, म्हणून त्या गावाच्या नावाचेच क्रियापद झाले. सैन्यातून काढलेल्या अधिकाऱ्याला ‘बाउलर हॅट मिळाली’ असे म्हणत, कारण गणवेशाची टोपी जाऊन आता डोक्यावर साध्या नागरिकाची गोल टोपी येणार. ‘बुटाचा किताब’ हा शब्द तर राजदरबारातील किताबांची थट्टाच आहे. १९४५ सालच्या निवडणुकीत पराभूत झालेल्या चर्चिलसाहेबांना राजाने ‘गार्टर’चा किताब देऊ केला असता, प्रजेने बुटाचा दिल्यावर हा कसा घेऊ, असे ते म्हणाल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यात आपल्या प्रश्नाचे एक सूत्र सापडते: विनोद करणारा स्वतः लाथ खाल्लेला आहे.

या सर्व शब्दांची जन्मभूमी पाहिली तर ती गोदी, गिरणी, बराक, स्वयंपाकघराचा मागचा दरवाजा अशी आहे. मालकांच्या दिवाणखान्यात ते जन्मले नाहीत. त्यांचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. ‘त्याला सॅक मिळाली’, ‘मला बूट मिळाला’ असे म्हणताना वाक्याच्या केंद्रस्थानी नोकर असतो, आणि त्याच्याजवळ काही ना काही येते. सर्वस्व गेले असताही ‘मिळाले’ म्हणण्यात एक प्रकारची फुशारकी आहे, आणि ती दुबळ्याची फुशारकी असल्यामुळे आदरास पात्र आहे. ब्रिटिश रेल्वे कामगारांत ‘डी. सी. एम.’ असा एक प्रयोग होता. सैन्यात त्या अक्षरांनी शौर्याचे एक नामांकित पदक ओळखले जाई. रेल्वेत त्यांचा अर्थ ‘सोमवारी येऊ नकोस’. आज मला पदक मिळाले, असे सांगत घरी जाणाऱ्या त्या मनुष्याचे डोळे कोरडे असतील असे मला वाटत नाही. पण त्याने शब्दाची निवड आपल्या हाती ठेवली. मालकाने काम घेतले, मजुरी घेतली, उद्याची भाकरी घेतली. या प्रसंगाला काय म्हणावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्याने मालकाला दिला नाही. म्हणून वर्गातील मुलांचे हसणे मला आता तितकेसे अपराधाचे वाटत नाही. ज्या शब्दात हसण्याची सोय मुद्दाम करून ठेवली आहे, त्यावर हसणे म्हणजे निदान त्या सोयीचा मान राखणे होय.

तथापि तोच शब्द मालकाच्या तोंडी गेला म्हणजे काय होते? ‘मी त्याला बूट दिला’ असे जेवणाच्या मेजावर सांगणारा गृहस्थ तीच उपमा वापरतो. पण जी उपमा खालून वर येताना धैर्य होती, ती वरून खाली येताना क्रौर्य होते. शब्द एकच असून त्याची नीती बोलणाऱ्यावर अवलंबून असते, ही गोष्ट आपण फार सहज विसरतो. तरीही मी म्हणेन की, असा उघड क्रूर मालक परवडला. कारण ‘मी दिला’ असे म्हणताना तो निदान वाक्यात हजर असतो.

खरे भय आहे ते तिसऱ्या वर्गातील सभ्य शब्दांचे. इंग्लंडमधील घरगुती नोकरांच्या जगात ‘कॅरेक्टर’ या शब्दाला एक वेगळाच अर्थ होता. कॅरेक्टर म्हणजे शील. आणि कॅरेक्टर म्हणजे मालकिणीने लिहून दिलेला वर्तणुकीचा दाखलाही. खोटे दाखले देणाऱ्यांस व वापरणाऱ्यांस शिक्षा करणारा कायदा १७९२ साली झाला, पण मुळात दाखला दिलाच पाहिजे असे बंधन मालकावर नव्हते. ‘कॅरेक्टरवाचून काढलेली’ मोलकरीण पुन्हा कोठे उभी राहू शकत नसे. मनुष्याचे शील हे त्याचे स्वतःचे, असे सर्व धर्म सांगतात. येथे ते दुसऱ्याच्या टेबलाच्या खणात कुलूपबंद होते! कोणी शिवी दिली नाही, कोणी धक्का मारला नाही. केवळ एक चिठ्ठी लिहिली नाही. सभ्यतेने केवढे काम न बोलता उरकले, ते पाहावे.

आपल्या काळातील असा सभ्य शब्द ‘रिडंडंट’ हा होय. त्याच्या मुळाशी लाट या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. भांडे भरून वाहून गेले ते रिडंडंट. ब्रिटनमध्ये १९६५ साली व आयर्लंडमध्ये १९६७ साली कायदे होऊन, काम संपल्यामुळे ज्यांना जावे लागते त्यांना नुकसानभरपाई मिळू लागली. अन्यायाने काढले असता दाद मागण्याचा हक्कही पुढे ब्रिटनमध्ये १९७१ च्या व आयर्लंडमध्ये १९७७ च्या कायद्याने मिळाला. हे कायदे कामगारांच्या हिताचेच होते, त्यांबद्दल मला काही वावगे म्हणावयाचे नाही. कायदा म्हणतो की, जादा ठरते ती जागा, मनुष्य नव्हे. परंतु लोकांच्या बोलण्यात काय झाले? ‘माझी जागा रिडंडंट झाली’ असे क्वचितच कोणी म्हणतो. ‘मला रिडंडंट केले’ असेच म्हणतात. कायद्याने कष्टाने केलेला भेद जिभेवर टिकला नाही, आणि जो काल गिरणीतील उत्तम जोडारी होता तो आज भांड्यातून सांडलेले पाणी झाला. ‘सॅक’मध्ये त्याच्या हाती पोते तरी होते. येथे तो स्वतःच टाकाऊ ठरतो, आणि टाकणारा कोण हे वाक्यात कोठेही दिसत नाही. लाट आली, पाणी सांडले; लाटेला कोणी दोष देतो काय?

‘जाऊ दिले’ हा दुसरा प्रयोग याहून गोड आहे. जणू तो मनुष्य जाण्यासाठी कासावीस झाला होता आणि आपण उदार होऊन दार उघडले! १७ मार्च २०२२ रोजी ब्रिटनमधील पी अँड ओ फेरीज या जहाज कंपनीने आपल्या सुमारे ८०० खलाशांना आधीच मुद्रित करून ठेवलेल्या चित्रफितीतून कळविले की आज त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस आहे. सांगणारा मनुष्य समोर नव्हता. त्याला कोणी प्रश्न विचारू शकत नव्हते. भाषेतून कर्ता काढून टाकण्याची सवय लागली म्हणजे पुढे खोलीतूनही तो कसा नाहीसा होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

येथवर लिहून मी थांबलो असतो, तर परदेशी मालकांचे दोष दाखविण्याचे स्वस्त पुण्य पदरात पडले असते. पण मराठीत तरी निराळे काय आहे? आपणही ‘नारळ देतो’. निरोपाच्या वेळी हातावर नारळ ठेवण्याची चाल, तिच्यावरूनच हा प्रयोग निघाला असावा. मानेला धरून बाहेर काढताना पंजाचा जो आकार होतो, त्याला संस्कृत पंडितांनी ‘अर्धचंद्र’ हे किती सुंदर नाव दिले! ‘उचलबांगडी’त हातपाय धरून उचलणे आहे; फारसीतून आलेल्या ‘बडतर्फ’मध्ये एका बाजूस सारणे आहे. आयरिश रस्ताही आपल्याकडे आहे, मात्र आपण त्याला ‘घरचा रस्ता’ म्हणतो. मुंबईच्या गिरणीतून सुटलेल्या मनुष्याला कोकणात वा घाटावर कोठेतरी घर आहे, हे आपल्या भाषेने गृहीत धरले होते. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपानंतर जे हजारो लोक त्या रस्त्याने गेले, त्यांतील कित्येकांना कळून आले की गावच्या घराला आता आपला भार सोसवत नाही. आणि कचेरीची मराठी? तिने ‘कमी करण्यात आले’, ‘सेवामुक्त करण्यात येत आहे’ असे प्रयोग घडविले. त्यांत कर्ता शोधू जावे तर दिवा घेऊनही सापडत नाही.

हे मला ठाऊक आहे, कारण त्यांपैकी एक वाक्य मी स्वतः लिहिले आहे. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक शिपाई होते. सर्वजण त्यांना मामा म्हणत. बावीस वर्षे ते हंगामी म्हणूनच काम करीत आले होते. पैशाची ओढाताण झाली, मंजूर पदांच्या यादीत त्यांची जागा बसेना, आणि पाचजणांच्या समितीने त्यांना काढण्याचा ठराव केला. त्या पाचांत मी होतो. मी भाषेचा प्राध्यापक, म्हणून मसुदा माझ्याकडे आला. ‘यापुढे आपल्या सेवेची आवश्यकता राहिलेली नाही, सबब आपणांस सेवामुक्त करण्यात येत आहे,’ असे मी लिहिले. वाक्य निर्दोष होते, आणि त्याबद्दल मला थोडे समाधानही वाटले होते, हे लपविण्यात अर्थ नाही.

पत्र घेऊन मामा माझ्याच खोलीत आले. चष्मा नाकावर सारून त्यांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, “सर, हे ‘करण्यात येत आहे’ म्हणजे कोण करतंय?” मी म्हणालो, “समितीचा निर्णय आहे, मामा.” ते म्हणाले, “समितीत तुम्हीपण आहात ना, सर?” आवाजात आरोप नव्हता, एखाद्या पुस्तकाचा क्रमांक पडताळून पाहावा तसे त्यांनी विचारले होते. मी ‘हो’ म्हटले. पण ते ‘हो’ मी लिहिलेल्या वाक्यात कोठेही नव्हते. महिनाअखेरीस निरोपाचा छोटा समारंभ झाला. शाल दिली, श्रीफळ दिले. नारळ हातात घेऊन मामा म्हणाले, “नारळ दिला, नारळ दिला म्हणतात, तो तुम्ही खरोखरच दिलात की!” सगळे पोट धरून हसले. ते स्वतः सर्वांच्या आधी हसले होते. त्यांनी आपल्या दुःखाचा शब्द आपण निवडला. आम्ही त्यांच्या विनोदाने आमची सुटका करून घेतली. एकाच हसण्यात दोन हिशेब होते, आणि ते एकमेकांशी जुळत नव्हते.

यावर कोणी म्हणेल, मग काय कठोर बोलावे? मनुष्य पडत असता त्याला आणखी शब्दांचा मार द्यावा? सौजन्य हा काही दुर्गुण नव्हे. हा आक्षेप रास्त आहे. मृत्यूची बातमी आपण हळूच सांगतो, वैद्य रोग्याशी जपून बोलतो, ते योग्यच करतात. परंतु सौम्य शब्दाची कसोटी एकच आहे: त्याने कोणाचे ओझे उतरले? ऐकणाऱ्याचे उतरले असेल तर ते सौजन्य. बोलणाऱ्याचे उतरले असेल तर ती फसवणूक, आणि तीही प्रथम स्वतःची. माझ्या वाक्याने मामांचे ओझे गुंजभरही कमी झाले नाही. कमी झाले ते माझे.

दुसरा आक्षेप असा की, कधी कधी काढणे न्याय्यच असते. दारू पिऊन आगगाडी हाकणाऱ्याला काढलेच पाहिजे. बुडत्या धंद्याने दहांना काढून नव्वदांना वाचविले, तर त्याला पाप म्हणता येणार नाही. मला हे मान्य आहे. मामांच्या बाबतीत आम्ही चुकलो की काय, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. पैसा खरोखरच नव्हता. पण कृत्य न्याय्य असेल तर आपले नाव त्याखाली स्पष्टपणे घालण्यास भ्यावे कशाला? आणि नाव घालण्याचा धीर होत नसेल, तर त्या न्यायाविषयी आपल्याच मनात शंका आहे, एवढे तरी कबूल करावे. कर्मणि प्रयोग व्याकरणात निर्दोष आहे; मनुष्याच्या अन्नावर हात घालताना तो निर्दोष राहत नाही.

गेल्या वर्षी पुन्हा असाच प्रसंग आला. या वेळी मी मसुद्यात ‘आम्ही आपणांस नोकरीवरून काढीत आहोत’ असे लिहिले. संस्थेच्या वकिलांनी ‘आम्ही’ खोडले आणि ‘करण्यात येत आहे’ पुन्हा बसविले. त्यांची कारणे कायद्याची होती आणि माझ्याजवळ त्यांना उत्तर नव्हते. पत्र तसेच गेले. मात्र ते त्या गृहस्थांच्या हाती पडण्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो, आणि ठरावाच्या बाजूने ज्यांनी मत दिले त्यांत मी एक आहे, असे सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीने चहा आणला, तो मी घेतला. त्या भेटीने त्यांची नोकरी परत मिळाली नाही, आणि मला क्षमाही मिळाली नाही; मी ती मागितलीही नव्हती.

वर्गातील त्या मुलीला पोत्याची गोष्ट मी पुढल्याच तासाला सांगितली. ती तिने वहीत टिपून घेतली. परीक्षेत हा प्रश्न येणार नाही, हे मी तिला सांगितले नाही.